सही न करणारा माणूस: कोकणातल्या वाटणीवर सिनेमा लिहिणाऱ्याला एका वकिलाचं उत्तर

तुमची गोष्ट थोडक्यात अशी: राजापूर तालुक्यातलं एक घर. वडील वारले. थोरला भाऊ गावात राहून हापूसची बाग सांभाळतो, धाकटा डोंबिवलीला नोकरीत, बहीण लग्न होऊन चिपळूणला. थोरल्याने तलाठ्याला हाताशी धरून सातबारा एकट्याच्या नावावर करून घेतला. धाकट्याने दावा लावला. शेवटी न्यायाधीश निकाल वाचतात आणि कोर्टाच्या व्हरांड्यात दोघे भाऊ गळ्यात पडतात. हे खरं वाटेल का, आणि असा दावा किती दिवस चालतो, असं तुम्ही विचारलंय.

मी रत्नागिरी जिल्ह्यात दिवाणी वकिली करते आणि माझ्या ऑफिसातलं बरंचसं कपाट वाटपाच्या दाव्यांनीच भरलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मुदतीचं उत्तर सोपं आहे. खालच्या कोर्टात आठ-दहा वर्षं गेली तर इथे कोणी दचकत नाही, आणि अपिलं धरली तर दावा लावणाऱ्याऐवजी त्याचा मुलगा तारखेला येऊ लागतो. पण तुमची अडचण मुदतीची नाहीच. तुमच्या भांडणात एक माणूस काहीतरी करतो आणि दुसरा त्याला अडवायला जातो. कोकणातल्या जमिनीच्या वादात बहुतेक वेळा जोर असतो तो काहीच न करणाऱ्याकडे. जो सही करत नाही त्याच्याभोवती सगळं घर फिरत राहतं. तुमच्या पटकथेत तो माणूसच नाही.

त्याच्याकडे येते, पण आधी काही गोष्टी तुम्हालाच ठरवाव्या लागतील, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. जमीन वडिलांनी स्वतः विकत घेतलेली की वडिलोपार्जित? मृत्युपत्र आहे का? जमीन कुळकायद्याने मिळालेली आहे का? रत्नागिरी जिल्हा खोतीचा, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदार खोतांचा. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळं मालक झाली, पण कित्येक सातबाऱ्यांच्या ‘इतर हक्क’ रकान्यात जुनी कुळांची नावं अजून बसलेली दिसतात. तुमचं कुटुंब खोताचं की कुळाचं, यावर गावातली त्यांची पत, शेजाऱ्यांची साक्ष आणि जमिनीच्या विक्रीवरची बंधनं, तिन्ही बदलतात. घर कोकणी मुसलमानाचं असेल तर वारसाचा हिशेबच निराळा. मी पुढे हिंदू कुटुंब, मृत्युपत्र नाही आणि पूर्वी रीतसर वाटप झालेलं नाही, असं धरून चालते.

आता हिस्से. तुम्ही दोन भावांत अर्धी-अर्धी धरलेली दिसते, बहिणीला ‘समजूत घालणारी’ एवढंच काम दिलंय, आणि आई आहे की नाही याचा पत्ताच नाही. आई हयात असेल तर जमीन स्वकष्टार्जित असो की वडिलोपार्जित, इथे आकडा एकच येतो: आई, दोन मुलगे, मुलगी, प्रत्येकी चार आणे. वडिलोपार्जित असेल तर आधी वडिलांसकट पाच भाग पाडायचे आणि वडिलांचा पाचवा भाग उरलेल्या चौघांत वाटायचा. करून बघा, चौथा हिस्साच निघतो. मुलीचा हक्क हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलाच्या बरोबरीचा झाला. वडील त्या तारखेआधी वारले असतील तर काय, हा घोळ पुढे पंधरा वर्षं चालला आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला, विनीता शर्मा खटल्यात, तो मिटवला: हक्क जन्माने मिळतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही. त्याच २००५ च्या दुरुस्तीने आणखी एक कलम गेलं, ज्याची आठवण फार थोड्यांना असते. त्याआधी कुटुंबाच्या राहत्या घराचं वाटप मुलीला मागताच येत नव्हतं. पुरुष वारस आपापसात वाटप करतील तेव्हाच तिने मागायचं. म्हणजे तुमच्या बहिणीची आत्या आणि तुमची बहीण एकाच ओटीवर बसल्या तरी दोघींचं तरुणपण वेगवेगळ्या कायद्यात गेलेलं असतं. त्या दोघींचा एकही प्रसंग तुमच्या आराखड्यात नाही, तो घाला.

तलाठ्याचा प्रसंग मात्र काढा. लाच खाणारा तलाठी सिनेमात एव्हाना झिजून गेलाय, आणि त्याने साधतही काही नाही. वारसनोंदीला हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात, फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद, मंजूर करतो मंडळ अधिकारी. तरीही एकट्याचं नाव लागलं, तर त्याने तो एकटा मालक होत नाही. सातबारा हा मुळात महसुलाचा कागद. त्यातली नोंद खरी धरली जाते ती विरुद्ध शाबीत होईपर्यंतच.

त्यापेक्षा खरी आणि जास्त क्रूर गोष्ट जुन्या फेरफारांत सापडते. आजोबांच्या पिढीत चौघे भाऊ, तिघे मुंबईला गिरणीत. गावात राहिलेल्या थोरल्याचं नाव सातबाऱ्यावर लागलं आणि नावापुढे तीन अक्षरं पडली: ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. कोणी कोणाला फसवलं नव्हतं. शेतसारा भरायला, सोसायटीचं कर्ज काढायला गावात एक नाव लागायचं, इतकंच. पुढे थोरला वारला, त्याच्या मुलांची नावं वारस म्हणून चढली आणि ती तीन अक्षरं नव्या पानावर आलीच नाहीत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या, माणसं गावी परतली, तेव्हा काहींना आपण कागदावर कुठेच नाही हे पहिल्यांदा कळलं. यात खलनायक शोधून दाखवा. पुतण्याने जन्मल्यापासून बापाचंच नाव पाहिलंय, त्याला ती जमीन मनापासून आपली वाटते. काकाला मनापासून वाटतं की पुतण्या चोर आहे. दोघेही शपथेवर खरं बोलतात. मला विचाराल तर तुमचा सिनेमा इथे आहे. आजच्या काळात घडवायचा असेल तर २०२५ ची ‘जिवंत सातबारा’ मोहीमही हाताशी आहे. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला ती राज्यभर राबवली गेली. वारसांची यादी द्यायला घरातला एकजण जातो आणि ओटीवर प्रश्न येतो: यादीत आत्याचं नाव घालायचं का?

आता सहीकडे. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर वाटप अवघड नाही. महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज, सगळ्यांचे जबाब, आणि काम होतं. किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र. मेख ‘सगळे’ या शब्दात आहे. इथल्या सामाईक सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असणं नवलाचं नाही. त्यातले काही मुंबईत, काही सुरतेत, एखादा आखातात, दोघे-तिघे मयत आणि त्यांचे वारस लागलेले नाहीत. यातल्या एकाने ‘बघू, मे महिन्यात आलो की बोलू’ एवढंच म्हटलं की संपलं. तो भांडत नाही, नाही म्हणत नाही, फोनही उचलतो. फक्त येत नाही. आणि जोवर तो येत नाही तोवर घराचं छप्पर बदलायला गृहकर्ज मिळत नाही, बाग तारण ठेवता येत नाही, घेणाऱ्याचा वकील ‘सगळ्यांच्या सह्या आणा’ म्हणून सौदा परत पाठवतो.

का करत नाही सही? फी घेऊन हा प्रश्न मी कित्येकांना विचारलाय. उत्तरात जमिनीची किंमत क्वचित असते. सही केली की आपल्याला कोणी फोन करणार नाही, हे त्याला माहीत असतं. बत्तीस नावांत आपलं नाव आहे म्हणून गणपतीचं बोलावणं येतं, लग्नपत्रिका येते, थोरला भाऊ चार शब्द गोड बोलतो. गाव सोडलेल्या माणसाचा गावावरचा शेवटचा धागा म्हणजे ती न केलेली सही. कधी कारण जुनं असतं: वडिलांच्या आजारपणाचा खर्च कोणी केला, आईचे दागिने कोणाकडे राहिले. दाव्यात या गोष्टी येत नाहीत, आल्या तरी कोर्ट त्यांच्याकडे बघत नाही. सिनेमाला मात्र याच लागतात.

बहिणीची सही याहून वेगळी. तिच्याकडून हक्कसोडपत्र घेण्याची रीत अशी की मोबदल्याच्या रकान्यात काही नाही, ‘भावावरील प्रेमापोटी’ असं लिहायचं, दुय्यम निबंधकासमोर अंगठा आणि फोटो, मग साडी आणि जेवण. ते नोंदवावंच लागतं. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर घरी घेतलेली सही, जी तुमच्या तेराव्या प्रसंगात आहे, कोर्टात उभी राहणार नाही. तो सगळा दिवस तुम्ही दाखवावा असं मला वाटतं. सकाळी भाऊ गाडी घेऊन चिपळूणला येतो, वाटेत चहा होतो, कोणी कागदाचा विषय काढत नाही. सही केली तर माहेर राहतं, हिस्सा जातो. नाही केली तर हिस्सा राहतो आणि पुढच्या गणपतीला कोणाच्या दारात उतरायचं हा प्रश्न. कायदा तिला चार आणे देतो, पण माहेरचा उंबरा कोणत्याही हुकूमनाम्यात वाटून देता येत नाही. ‘मला जमीन नको, पण सही पण करणार नाही’ असं सांगणाऱ्या बायका मी पाहिल्यात. माझ्या अशिलाच्या विरुद्ध बाजूला असूनही मला त्यांचं पटलं.

एक व्यवहाराची गोष्ट, जी तुमच्या कथेचं वेळापत्रक ठरवेल. हिस्सेदार गावात एकत्र सापडतात ते गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात. सह्यांची बोलणी तेव्हाच होतात. पण मे महिन्यात दिवाणी कोर्टाला उन्हाळी सुट्टी. म्हणजे चाकरमानी गावात असतो तेव्हा कोर्ट बंद, आणि कोर्ट उघडतं तेव्हा तो रजा संपवून गेलेला. वादाला मुळात जे आठ-दहा वर्षं लागतात त्यातली काही अशीच जातात. दुसरं कारण पक्षकारांचे मृत्यू. प्रतिवादी वारला की नव्वद दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर आणायचे, त्यांना समन्स बजावायचं, त्यातला एक पत्त्यावर सापडत नाही. चाळीस प्रतिवादींच्या दाव्यात हे किती वेळा होतं याचा हिशेब तुम्हीच करा.

सगळ्यांचा गणपती मूळ घरात एकच असतो. दावा चालू असतानाही तो तिथेच बसतो, दोन्ही पक्ष एकाच आरतीला उभे राहतात, आणि नैवेद्याच्या पानावरून जे होतं ते कोर्टात कधी होत नाही. वाटणीत ‘गणपती वेगळा केला’ ही बातमी गावात हुकूमनाम्यापेक्षा मोठी. त्या पाच किंवा सात दिवसांत मनाई हुकुमाची नोटीस घेऊन बेलिफ आला तर? येतो. सगळे प्रतिवादी एकाच ठिकाणी सापडतात ना.

आता थोरल्या भावाबद्दल. त्याला तुम्ही लोभी केलंय, आणि तिथेच तो पोकळ होतो. हापूसचं कलम लावल्यावर पाच-सहा वर्षं फक्त पाणी, राखण आणि खर्च. चांगलं उत्पन्न यायला दहा वर्षांहून जास्त. सड्यावर कातळ फोडून, माती भरून कलमं उभी केली असतील तर विचारू नका. जुन्या पद्धतीने दहा-दहा मीटरवर लागवड, हेक्टरी शंभर झाडं, म्हणजे साधारण एका गुंठ्याला एक कलम. वीस वर्षं फवारण्या केल्या, नेपाळी राखणदारांचे पगार दिले, वाशीच्या दलालाची उचल फेडली, आणि आता डोंबिवलीहून भाऊ म्हणतो चार आणे दे. कायद्यात तो चुकलेला नाही. राबलेल्याला जमिनीत जास्त हिस्सा मिळत नाही. पण वाटप करताना कोर्ट न्यायबुद्धीने त्याने वाढवलेला भाग शक्यतो त्याच्याच वाट्याला टाकायला सांगू शकतं, आणि दोन तुकड्यांच्या मोलात फरक पडला तर पैशाने भरून काढता येतो. उलट बाजूने धाकटा मागच्या वर्षांच्या उत्पन्नाचा हिशेब मागतो. मग थोरला औषधांच्या पावत्या काढतो, ज्या त्याने ठेवलेल्याच नसतात. हा उलटतपास लिहा. ‘२०१४ साली किती पेट्या गेल्या?’ ‘आठवत नाही.’ ‘खर्च किती झाला?’ ‘तो आठवतो.’

दावा चालू असताना आंबे कोण उतरवणार हा प्रश्न दर मार्चला उभा राहतो, आणि इथे तुमच्या कथेला आपोआप ताण मिळेल. धाकटा मनाई मागतो. क्वचित कोर्ट बाग ताब्यात घेऊन सांभाळायला रिसीव्हर नेमतं आणि फळांचा लिलाव होतो. किंवा धाकटा आपला हिस्सा म्हणून काही झाडं कराराने परक्याला देतो, करारवाला दोन-तीन वर्षांत वसूल करायचं म्हणून कल्टार हे मोहर आणणारं रसायन भरमसाट ओततो, आणि बापाने लावलेली झाडं थोरल्याच्या डोळ्यांसमोर शिणतात. हापूस एरवी एक वर्षाआड नीट धरतो, कल्टारने दरवर्षी मोहर काढता येतो, पण झाडाला त्याची किंमत मोजावी लागते. मारामारीचा प्रसंग तुम्ही टाकलाच असेल तर त्याचं कारण हे असू द्या. पोलीस अदखलपात्र नोंद घेतील आणि ‘दिवाणी बाब आहे, कोर्टात जा’ म्हणून परत पाठवतील.

कोर्टाच्या प्रसंगावर फार वेळ घालवू नका. न्यायाधीश ‘ही झाडं तुझी, ती त्याची’ असं सांगत नाहीत. आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, त्यात फक्त हिस्से ठरतात. मग शेतजमिनीच्या प्रत्यक्ष वाटपासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलदाराकडे, आणि शेवटी भूमी अभिलेखचा भूकरमापक बागेत उतरतो. घराचं वाटप कोर्ट कमिशनर सुचवतो. दुसरं अपील पूर्वी मुंबईला हायकोर्टात जायचं, म्हणजे चाकरमान्याला सोयीचं. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गची अपिलं हायकोर्टाच्याच कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली, आता घाट चढायचाय. हे सगळं पाहता तुमचा शेवट कोर्टाच्या व्हरांड्यात घडू शकत नाही. तो बागेत, मोजणीच्या दिवशी घडेल. चुन्याची रेघ बागेच्या दगडी गडग्याला छेदून जाईल, एखादं कलम बरोबर रेघेवर येईल, पंचनाम्यावर सह्या लागतील. आणि पुन्हा कोणीतरी सही करणार नाही.

दोन कायदेशीर चुका जाता जाता. ‘बारा वर्षं मी कसतोय, आता माझीच’ हे थोरल्याचं वाक्य गावात सर्रास ऐकू येतं, म्हणून त्याच्या तोंडी ठेवायला हरकत नाही, पण वकिलाच्या तोंडी नको. सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांच्या वतीने समजला जातो. इतरांचा हक्क उघडपणे नाकारून त्यांना बाहेर ठेवल्याचं शाबीत केल्याशिवाय बारा वर्षं मोजायला सुरुवातच होत नाही. आणि धाकटा मुंबईच्या बिल्डरला आपला अविभक्त हिस्सा विकतो, तिथे बिल्डर शेतकरी आहे का ते बघा. बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. घराचा हिस्सा विकला तरी परक्याला कुटुंबासोबत घरात शिरून राहण्याचा हक्क मिळत नाही, त्याने वाटप मागायचं.

सुरुवात कुठून करावी असंही तुम्ही विचारलंय. वडिलांच्या मृत्यूपासून नको, सगळे तिथूनच करतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाने इथली कितीतरी झोपलेली घरं जागी केली. मोबदल्याची नोटीस सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाला येते, ज्याने वीस वर्षांत गावाकडे बघितलं नाही त्यालाही. कोणाला किती यावर तंटा झाला तर भूसंपादनाचा अधिकारी तो प्रश्न दिवाणी कोर्टाकडे पाठवतो आणि पैसे अडकून पडतात. जमीन असताना कोणी हिस्सा मागितला नव्हता, रस्त्याखाली गेल्यावर सगळ्यांना आठवला. धाकट्याला लोभी न करताही त्याला गावात आणायला एवढं पुरेल. त्याच्याकडे डोंबिवलीच्या घराचा हप्ता आहे, मुलीची फी आहे, आणि हातात अडकलेल्या रकमेचा सरकारी कागद.

पुढचा खर्डा लिहिण्याआधी राजापूरला किंवा लांज्याला दिवाणी कोर्टात मागच्या बाकावर दोन-तीन तारखा बसून या. कोर्ट खुलं असतं, कोणी हटकणार नाही, फोन तेवढा बंद ठेवा. आणि ओळखीच्या एखाद्या कोकणातल्या घराचा सातबारा आणि त्यावरचे सगळे फेरफार, मिळतील तितके मागे, त्यांच्या परवानगीने वाचा. एकेका फेरफारात कोण मेलं, कोण वारस लागलं, कोणाचं नाव गळलं ते दिसत जातं. भाषेचंही बघा: तुमचं घर राजापूरचं आहे आणि संवाद सगळे मालवणीत लिहिलेत. कुडाळ-मालवणची बोली राजापूरच्या ओटीवर चालणार नाही. आईची वाक्यं तर पुन्हाच लिहावी लागतील, कारण आता तिच्याकडे चार आणे आहेत, ते पूर्णपणे तिचे आहेत, आणि ती मृत्युपत्र कोणाच्या नावाने करते हे मुलांपैकी कोणालाही माहीत नाही.